प्रजा समाजवादी पक्ष : मते आणि जागा (१९५२-१९७१)

पक्षाचे सामर्थ्य त्याने जिंकलेल्या जागांवरून मोजण्याची प्रथा रूढ आहे. प्रजा समाजवादी पक्षाच्या बाबतीत हे माप फसवे ठरते, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९५१-५२) समाजवादी पक्षाने लोकसभेसाठी २५४ उमेदवार उभे केले. मते १०.६ टक्के पडली. जागा मात्र १२ मिळाल्या. आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाच्या वाट्याला ५.८ टक्के मते व ९ जागा आल्या. याउलट कम्युनिस्ट पक्षाने अवघ्या ४९ उमेदवारांनिशी आणि ३.३ टक्के मतांवर १६ जागा जिंकल्या. समाजवाद्यांची मते देशभर विखुरलेली होती, कम्युनिस्टांची मोजक्या प्रदेशांत एकवटलेली होती.

सप्टेंबर १९५२ मध्ये पहिले दोन पक्ष विलीन होऊन प्रजा समाजवादी पक्ष जन्मास आला. १९५४ मधील त्रावणकोर-कोचीनच्या गोळीबारावरून वाद पेटला आणि त्याची परिणती डॉ. लोहिया यांचा गट वेगळा होण्यात झाली. तरीही १९५७ मध्ये पक्षाने १९ जागा मिळविल्या. पूर्वीच्या एकत्रित २१ जागांच्या तुलनेत ही घट नगण्य भासते. परंतु मते १६.४ टक्क्यांवरून १०.४ वर उतरली होती. उमेदवार या वेळी १८९ च होते, हे त्याचे एक कारण खरे. तथापि १९६२ मध्ये १६८ उमेदवार असूनही मते ६.८ टक्केच पडली. तेव्हा ऱ्हासाचे खापर केवळ उमेदवारांच्या संख्येवर फोडता येत नाही. १९६४-६५ मधील विलीनीकरण व पुनर्विभाजनानंतर, १९६७ मध्ये, मते ३.१ टक्क्यांवर आली. जागा मात्र १२ च्या १३ झाल्या. जागांकडेच पाहणाऱ्यास ही प्रगती वाटली असती.

१९७१ मध्ये सुमारे एक टक्का मते व दोनच जागा उरल्या. त्यांपैकी एक बंगालमधील कांथी व दुसरी कोकणातील राजापूर. राजापूरचे उदाहरण उद्बोधक आहे. बॅ. नाथ पै तेथून १९५७ मध्ये निवडून आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर होता. परंतु १९६० मध्ये राज्य स्थापन होऊन तो प्रश्न मिटल्यावरही १९६२ व १९६७ मध्ये मतदारांनी त्यांनाच कौल दिला. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी प्रा. मधु दंडवते यांनी ती जागा राखली. त्याच वर्षी पक्ष नव्या समाजवादी पक्षात विलीन झाला. दंडवते मात्र पुढे १९८९ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत, पक्षांची नावे पालटत असतानाही, तेथून विजयी होत राहिले.

तात्पर्य, निवडणूकपद्धतीने या पक्षावर आरंभी अन्याय केला, हे मान्य करावे लागेल. परंतु पुढे त्याच पद्धतीने, मते एकवटलेल्या थोड्या मतदारसंघांच्या आधारे, त्याचा ऱ्हास झाकूनही ठेवला. मतदारसंघात रुजणे राजापुरास साधले. देशव्यापी पक्षास ते साधले नाही. या पक्षाच्या इतिहासाचा अभ्यास म्हणूनच दिल्लीतील फाटाफुटींइतकाच मतदारसंघांच्या पातळीवरही व्हावयास हवा.