पोरगं कुणाच्या भरवशावर पाठवायचं?

बारावीचा निकाल लागला की गावात दोन प्रश्न ऐकू येतात. टक्के किती पडले? आणि ॲडमिशन कुठं घेणार? तिसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण आईबापाच्या मनात तोच घोळत असतो. तिथं आपलं कोण आहे?

मंडळी, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होताच. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतं, पुण्यात १८८५ पासून फर्ग्युसन होतं. पण दार उघडं आहे म्हणून कुणबी-मजुराचं पोर आत जात नसतं. राहायचं कुठं, जेवायचं कुणाकडं? राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी ही अडचण ओळखली आणि १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहू लागली.

त्यातल्याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक मुलगा राहत होता. भाऊराव पाटील. पुढे १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. फरक एवढाच की इथं सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एकाच पंगतीत. १९२७ साली गांधीजी आले आणि या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

त्या काळात अशा पंगतीत पोर बसवायला आईबाप तयार कसे झाले? नुसत्या भाषणांनी नाही. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. लोकांनी ते पाहिलं. मग घराघरांतून मुष्टीफंड जमू लागला, रोजच्या धान्यातली एक मूठ बोर्डिंगासाठी बाजूला. ज्या घरातनं मूठ गेली, त्या घराला बोर्डिंग आपलं वाटू लागलं.

अण्णांनी पोरांवरही तेवढाच विश्वास टाकला. काम करा आणि शिका, इथं कुणी उपकाराचं खात नाही. पुढे १९४७ साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. म्हणजे मॅट्रिक झालेल्या पोराला कॉलेजातही ओळखीचीच माणसं भेटली. याच बोर्डिंगातले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

आता आजचं बघा. फॉर्म ऑनलाइन, यादी ऑनलाइन, तक्रारही ऑनलाइन. मी शहरात शिकायला आलो तेव्हा वसतिगृहाच्या यादीत नाव लागेपर्यंत तीन महिने गेले. तोवर गावाकडच्या एका दादाच्या खोलीत जमिनीवर झोपलो. तो म्हणाला होता, "मेसचं मागनं बघू, तू आधी लेक्चरला जा." तो नसता तर मी दिवाळीला घरी गेलो असतो आणि परत आलो नसतो. माझ्या बरोबरचे दोघं तसेच गेले. दोघंही माझ्यापेक्षा हुशार होते.

शिष्यवृत्ती वेळेवर मिळालीच पाहिजे, वसतिगृहं वाढलीच पाहिजेत. त्यासाठी सरकारशी भांडूच. पण यंदा तुमच्या गावचं एखादं पोर, विशेषतः एखादी पोरगी, शहरात शिकायला येत असेल, तर पहिल्या दिवशी सोबत जा. आपला नंबर तिच्या आईला द्या.

ही आपली आजची मूठ.