१६२ मतांचं मालेगाव

माझी सासुरवाडी मालेगावची. त्यामुळे २०२४ च्या विधानसभा निकालाच्या दिवशी मी आमच्या मतदारसंघापेक्षा मालेगाव मध्यचे आकडे जास्त पाहत होतो. रात्री मेहुण्याचा फोन आला, "भाईजान, फक्त १६२!" एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मतं आणि आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. म्हणजे आमच्या शाळेच्या तीन वर्गांचा पट. त्या निवडणुकीतला राज्यातला हा सगळ्यात निसटता विजय.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "तुमच्या लोकांची तर गठ्ठा मतं असतात ना?" मी हसलो आणि तासाला निघून गेलो. ते उत्तर आज देतो.

मालेगाव म्हटलं की लोकांना मुसलमान आणि बॉम्बस्फोट एवढंच आठवतं. पण २०११ च्या जनगणनेत शहरातल्या पाचांपैकी जवळपास चार माणसं मुस्लिम असली, तरी ती एक बिरादरी नाही. १८५७ च्या बंडानंतर मऊ, मुबारकपूर, आझमगड, बनारसकडून विणकर इथे आले. ते मोमीन, म्हणजे अन्सारी. त्यांच्या आधीपासून इथे असलेले ते दखनी आणि खानदेशी. बोली वेगळी, सोयरीक बऱ्याचदा आपापल्यात, आणि मतांचा हिशेबही पुष्कळदा वेगळा. त्यात आणखी देवबंदी, बरेलवी, अहले हदीस. यंत्रमागाचा मालक आणि त्याच्याच मागावर बारा तास उभा राहणारा मजूर एका सफेत नमाज पढतात, पण निवडणुकीत दोघांचं दुखणं एक नसतं. सासरच्या गल्लीत रात्री झोपताना मागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि तो थांबला की घरातल्यांना जाग येते. कारण वीज गेली म्हणजे मजुरी गेली.

या शहराने सर्वांत जास्त काळ ज्यांना निवडून दिलं ते ना मौलाना होते, ना काँग्रेसवाले. मरहूम निहाल अहमद समाजवादी. 'साथी' हीच त्यांची ओळख. १९७८ पासून १९९५ पर्यंत सलग पाच निवडणुका त्यांनी आधी जनता पक्ष आणि मग जनता दलाकडून जिंकल्या. १९८६-८७ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. बाबरी मशीद पाडल्यानंतर त्यांनी दंडाला काळी फीत बांधली, ती २०१६ मध्ये इंतकाल होईपर्यंत. मुस्लिमबहुल शहराने वीस वर्षं मजुरांची भाषा बोलणारा समाजवादी निवडला, ही गोष्ट 'गठ्ठा मत' म्हणणाऱ्यांना ठाऊक नसते.

१९९९ मध्ये काँग्रेसच्या शेख रशीद यांनी त्यांना हरवलं आणि २००४ मध्येही जागा राखली. मग आली पुनर्रचना. पूर्वी मालेगाव आणि दाभाडी असे दोन मतदारसंघ होते. २००९ पासून मालेगाव मध्य आणि मालेगाव बाह्य झाले. शहराचा दाट वस्तीचा भाग मध्यमध्ये, शहराचा उरलेला भाग आणि तालुक्यातली गावं बाह्यमध्ये. बाह्यमधून तेव्हापासून दादा भुसे निवडून येतात. मध्यमध्ये मात्र मुख्य लढत मुस्लिम उमेदवारांतच होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, जागा 'पक्की' झाली. मला वाटतं, आमच्या मतांना एकाच खोलीत बसवून दार लावून घेतलं. आपसांत हवं तेवढं लढा, बाहेरच्या गणितात तुमची गरज नाही.

त्या बंद खोलीतही मतदार स्वस्थ बसला नाही. २००९ मध्ये जनसुराज्य शक्तीकडून मुफ्ती इस्माईल आले. २००६ च्या बॉम्बस्फोटानंतर याच शहरातली मुस्लिम पोरं पकडली गेली होती आणि अजून तुरुंगात होती. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं ते २०१६ मध्ये. मुफ्तींच्या विजयामागे त्या जखमेचाही हात होता, असं माझं मत. २०१४ मध्ये शेख रशीद यांचे चिरंजीव आसिफ काँग्रेसकडून जिंकले आणि राष्ट्रवादीत गेलेले मुफ्ती हरले. २०१९ मध्ये मुफ्ती एमआयएमकडून आले, ३८ हजारांहून जास्त मतांनी. २०२४ मध्ये आसिफ यांनी स्वतःचाच पक्ष काढला, इंडियन सेक्युलर लार्जेस्ट असेंब्ली ऑफ महाराष्ट्र. त्याची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'इस्लाम' होतं. या नावाची चतुराई मला आवडली नाही, दीन असा मतपत्रिकेवर आणू नये. पण मालेगावकरांनी त्या नावालाही डोळे झाकून मत दिलं नाही. निम्म्यांनी दिलं, निम्म्यांनी नाही.

आता लोकसभेचं पाहा. २००९ च्या धुळे मतदारसंघात काँग्रेस सुमारे १९ हजार मतांनी हरली. त्याच निवडणुकीत निहाल अहमद यांनी ७२ हजारांवर मतं घेतली होती. पंधरा वर्षांनी, २०२४ च्या मेमध्ये, एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळपास १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. बाकीच्या पाचही मतदारसंघांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. बच्छाव ३,८३१ मतांनी खासदार झाल्या. आणि सहा महिन्यांनी त्याच मतदारांनी विधानसभेला काँग्रेसच्या उमेदवाराला दहा हजारही मतं दिली नाहीत.

सहकाऱ्यांना हे आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "मे महिन्यात तर गठ्ठाच झाला की." खरं आहे, झाला. भीती वाटली की कुणीही एकत्र येतं, आणि ती भीती कुणी घातली हेही विचारायला हवं. पण नोव्हेंबरमध्ये तीच माणसं भाऊ भावाविरुद्ध, बाप लेकाविरुद्ध मत देऊन आली. माझ्या सासरी एका घरात चार मतं होती. दोन इकडे, दोन तिकडे. सासूबाईंनी कुणाला दिलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.