रोज १६ वेळा अंधार, तरी अंतराळ स्थानकाची वीज जात का नाही?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण ९० मिनिटांत पृथ्वीची एक फेरी मारतं. म्हणजे २४ तासांत १६ सूर्योदय आणि १६ सूर्यास्त! प्रत्येक फेरीत ते जवळपास ३५ मिनिटं पृथ्वीच्या सावलीत असतं. तेवढा वेळ सौर पॅनलमधून वीज मिळत नाही. पण हवा शुद्ध करणारी यंत्रं, पंप, संगणक बंद पडले तर आतल्या माणसांच्या जिवावर बेतू शकतं. मग वीज येते कुठून?

उन्हात असतानाच अंधाराची तयारी

स्थानकावर सौर पॅनलचे ८ पंख आहेत. प्रत्येक पंख सुमारे ३५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. सूर्याकडे तोंड राहावं म्हणून ते सतत फिरत असतात. उन्हात तयार होणाऱ्या विजेपैकी जवळपास ६० टक्के वीज बॅटऱ्या चार्ज करण्यात जाते. त्यामुळे पॅनल बसवताना गरजेच्या दुपटीहून जास्त विजेचा हिशेब धरावा लागतो. आधी निकेल-हायड्रोजनच्या ४८ बॅटऱ्या होत्या. २०१७ ते २०२१ दरम्यान त्यांच्या जागी लिथियम-आयनच्या फक्त २४ बॅटऱ्या आल्या.

उष्णतेचं काय?

बॅटऱ्या आणि विजेची उपकरणं तापतात. बाहेर हवाच नाही, त्यामुळे पंखा लावून उपयोग नाही. म्हणून नळ्यांमधून अमोनिया फिरवून ही उष्णता मोठ्या रेडिएटरपर्यंत नेली जाते आणि तिथून ती अंतराळात सोडली जाते.

एक बिघाड, पण अंधार नाही

वीज ८ वेगवेगळ्या मार्गांनी पुरवली जाते. एप्रिल २०१९ मध्ये वीज वितरणाचं एक युनिट बिघडलं आणि त्यातले २ मार्ग बंद पडले. तरी स्थानक सुरूच राहिलं. काही दिवसांतच यांत्रिक हाताने ते युनिट बदललं. त्यासाठी कुणाला बाहेर जावं लागलं नाही.

सूर्याला मेन स्विच नाही

घरी दुरुस्तीआधी आपण मेन स्विच बंद करतो. सौर पॅनलवर मात्र ऊन पडतंय तोवर वीज तयार होणारच. २००७ मध्ये एक पंख उलगडताना फाटला. पेशाने डॉक्टर असलेले अंतराळवीर स्कॉट पॅराझिन्स्की ३ नोव्हेंबरला तो सांधायला बाहेर पडले. समोरच्या पंखात १०० व्होल्टहून जास्त दाबाची वीज होती. शॉक बसू नये म्हणून अवजारांवर वीजरोधक टेप गुंडाळली होती. स्थानकातच तार आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांपासून बनवलेले बंध त्यांनी फाटलेल्या भागात ओवले. सात तासांहून जास्त चाललेल्या या मोहिमेत अखेर पंख पूर्ण उलगडला.