भास्कराचार्यांचा प्रश्न आणि खोपोलीचं पाणी

'न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आपल्या भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षण शोधलं' असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. यात खरं किती? त्यासाठी भास्कराचार्यांना पडलेला प्रश्न काय होता, ते आधी बघू.

1150 सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात प्रश्न आहे तो पृथ्वीला आधार कशाचा, हा. एखादा आधार मानला तर त्यालाही आधार लागणार, मग थांबायचं कुठे? म्हणून ते म्हणतात: पृथ्वीत आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते, आपल्याला ती पडल्यासारखी दिसते. पण चहूकडे सारखंच आकाश असताना पृथ्वी पडणार कुठे?

अ‍ॅरिस्टॉटलचा दगड खाली यायचा तो विश्वाच्या केंद्राच्या ओढीने, कारण तेच त्याचं स्वाभाविक स्थान. इथे मात्र पृथ्वीच ओढते. हा फरक लहान नाही.

पण वस्तू किती वेगाने पडते? हे त्या श्लोकात नाही. ते गॅलिलिओने मोजलं. सरळ पडणारी वस्तू हाती लागत नाही, म्हणून त्याने उतरत्या फळीवरून गोळे सोडले आणि भांड्यातून गळलेलं पाणी तोलून वेळ मोजली. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, तिप्पट तर नऊपट. हे 1638 साली छापून आलं. तीच ओढ चंद्रालाही धरून ठेवते, हे न्यूटनने 1687 मध्ये गणिताने दाखवलं.

आकड्यांनी काय फरक पडतो, ते आपल्या भागातच दिसतं. खालापूर तालुक्यात खोपोलीला 1915 पासून आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीला 1922 पासून टाटांची वीजकेंद्रं आहेत. घाटावरच्या धरणांचं पाणी पाइपांतून सुमारे 500 मीटर खाली येतं. ते खाली येणार हे सांगायला 'पृथ्वी ओढते' एवढं पुरे. पण खोपोलीचं चाक बनवायचं तर धारेचा वेग हवा. घर्षण सोडलं तर 500 मीटरला तो सेकंदाला जवळपास 100 मीटर भरतो. उंची निम्मी केली तर 50 नाही, 70 मीटर! चाकाच्या वाट्या धारेच्या साधारण निम्म्या वेगाने फिराव्या लागतात, नाहीतर पाण्याचा जोर फुकट जातो.

तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला की एवढंच लिहा: न्यूटनचा नियम भास्कराचार्यांचा नाही. आधाराशिवाय पृथ्वी राहू शकते, हे मात्र त्यांनी तर्काने मांडलं आहे, आणि त्यांचा मोठेपणा सांगायला तेवढं भरपूर आहे.