कर्नेलमधील यादृच्छिकता : एक ऐतिहासिक आढावा (१९९४ ते २०२२)

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास सामान्यतः वेग, स्मृती आणि आकार यांतील प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि बँकेचा व्यवहार, दूरस्थ यंत्रावरील प्रवेश किंवा खाजगी पत्रव्यवहार यांची सुरक्षितता यांपैकी कशावरही अवलंबून नसते. कूटलेखनाच्या रीती जाहीर असतात. गुप्त असते ती केवळ किल्ली, आणि ही किल्ली कोणासही अंदाज न येणाऱ्या संख्येतून घडते. ती संख्या ओळखता आली, तर कुलूप कितीही मजबूत असले तरी व्यर्थ ठरते.

अशी संख्या निर्माण करण्याची जबाबदारी प्रत्येक प्रोग्रॅमकडून कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजेच कर्नेलकडे, कशी आली आणि ती नीट पार पाडली जाण्यास पाव शतकाहून अधिक काळ का लागला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. या विलंबाचे मुख्य कारण तांत्रिक असण्यापेक्षा दोषाच्या स्वरूपात आहे, अशी येथे मांडणी केली आहे. बिघडलेले जनित्र बिघडलेले दिसत नाही. शकुनीचे फासेही पाहणाऱ्याला इतर फाशांसारखेच दिसत होते.

पूर्वपीठिका :

यादृच्छिक अंकांची गरज प्रथम संख्याशास्त्राला भासली. टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले, तर अमेरिकेतील रँड संस्थेने १९५५ मध्ये दहा लाख अंकांचा ग्रंथ छापला. दरम्यान लेहमर यांनी १९४९ मध्ये गुणाकार व शेष यांच्या आधारे अशा संख्यांची मालिका यंत्राकडून काढून घेण्याची रीत मांडली. अंकगणिताने यादृच्छिक अंक मिळवू पाहणारा पापाचा धनी होतो, अशा आशयाचा शेरा फॉन नॉयमन यांनी याच सुमारास मारला होता.

या सर्व प्रयत्नांत अपेक्षा होती ती अंकांच्या समान वाटणीची, गुप्ततेची नव्हे. छापील कोष्टक नमुना निवडीस उत्तम असते. पण किल्ली म्हणून ते निरुपयोगी, कारण ते सर्वांच्या हाती असते. समान वाटणी आणि अनपेक्षितता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाचा आहे.

कर्नेलकडे स्थलांतर :

संगणक हे नियमबद्ध यंत्र आहे. समान बीज दिल्यास ते समान मालिकाच देते. अनपेक्षितता त्याला बाहेरूनच मिळवावी लागते. कळफलकावरील दोन कळांमधील कालावधी, माऊसची हालचाल, डिस्कच्या प्रतिसादातील सूक्ष्म फरक ही तिची उगमस्थाने होत. या घटनांची थेट व अचूक नोंद कर्नेलपाशी असते. म्हणून थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये लिनक्स कर्नेलसाठी असे जनित्र लिहिले, ही घटना या इतिहासाचा आरंभबिंदू मानता येते. त्या काळच्या कायदेशीर निर्बंधांची अडचण टाळण्यासाठी त्यांनी कूटलेखनाच्या रीतींऐवजी हॅश फलनांचा उपयोग केला. विज्ञानाच्या रचनेवर राजकारणाची छाप कशी उमटते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या जनित्राला दोन द्वारे होती. '/डेव्ह/रँडम' हे द्वार साठवलेली एन्ट्रॉपी अपुरी वाटल्यास मागणाऱ्याला थांबवून ठेवी. '/डेव्ह/यूरँडम' कधीच थांबवीत नसे. पुढील बहुतेक वाद याच दुहेरी व्यवस्थेतून उद्भवले.

कर्नेलची मदत न घेणाऱ्या प्रोग्रॅमचे काय होते, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले. बर्कले येथील इयान गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरचे बीज केवळ घड्याळातील वेळ आणि प्रक्रियांचे क्रमांक यांतून घेतले जाते, असे दाखवून दिले. या गोष्टींचा अंदाज बांधणे अवघड नव्हते. परिणामी किल्ली शोधून काढणेही शक्य होते.

मूक अपयशे :

यानंतरची दोन उदाहरणे विशेष उद्बोधक आहेत. डेबियन प्रणालीतील ओपनएसएसएल या ग्रंथालयातून २००६ मध्ये, तपासणी साधनाने दिलेली सूचना बंद करण्यासाठी, काही ओळी वगळण्यात आल्या. कर्नेल बीज पुरवीत होते, पण ते मिश्रणात पडतच नव्हते. उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक. त्यामुळे एका प्रकारच्या व लांबीच्या, एका जातीच्या यंत्रावर केवळ ३२,७६७ किल्ल्या शक्य होत्या. मे २००८ मध्ये हा दोष जाहीर झाला. जवळजवळ दोन वर्षे सर्व प्रोग्रॅम सुरळीत चालत होते, हीच या घटनेतील चिंतेची बाब होय.

दुसरे उदाहरण २०१२ चे आहे. नादिया हेनिंजर व सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांची परस्परांशी तुलना केली. आरएसए पद्धतीची किल्ली दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते. दोन यंत्रांच्या किल्ल्यांमध्ये एक मूळ संख्या समान निघाल्यास युक्लिडच्या प्राचीन मसावि रीतीने दोन्ही उघड होतात. या मार्गाने त्यांना टीएलएस वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या खाजगी किल्ल्या मिळाल्या. यांत मुख्यतः राउटरसारखी लहान उपकरणे होती. त्यांना कळफलक नाही, माऊस नाही; सुरू होताच पहिल्या काही क्षणांत ती किल्ली तयार करीत आणि तेव्हा कर्नेलची झोळी रिकामी असे. न थांबणाऱ्या द्वाराने मागणाऱ्याला तसे कळवले मात्र नाही.

विश्वासाचा प्रश्न याहून व्यापक होता. अमेरिकी मानक संस्थेने २००६ मध्ये पुरस्कृत केलेल्या ड्युअल-ईसी जनित्रात चोरवाट असू शकते, हे शुमो व फर्ग्युसन यांनी २००७ मध्येच दाखवले होते. २०१३ मधील स्नोडेन प्रकरणानंतर त्या संशयाला बळ मिळाले आणि २०१४ मध्ये संस्थेने ते वगळण्याचा निर्णय घेतला. २०१३ च्या अखेरीस फ्रीबीएसडीनेही चिपमधील जनित्रावर थेट विसंबून न राहता त्याची संख्या इतर स्रोतांत मिसळण्याचे ठरवले. अनेक स्रोत मिसळले, तर त्यांपैकी एखादा दूषित निघाला तरी बाकीच्यांमुळे अनपेक्षितता टिकते, हे त्यामागील तत्त्व होते.

थांबावे की न थांबावे :

प्रारंभी एकदा पुरेसे बीज मिळाले की त्यातून जवळजवळ अमर्याद सुरक्षित संख्या काढता येतात; वापरल्याने एन्ट्रॉपी 'संपते' ही समजूत व्यवहारात निराधार आहे. म्हणून थांबणे आवश्यक असते ते फक्त आरंभी. २०१४ मध्ये लिनक्समध्ये आलेली 'गेटरँडम' ही व्यवस्था नेमकी याच विचारावर उभी होती.

परंतु २०१९ मध्ये वेगळाच पेच निर्माण झाला. फाइल प्रणालीतील सुधारणेमुळे डिस्कची कामे घटली, त्यासोबत एन्ट्रॉपीही घटली आणि काही संगणक सुरू होतानाच अडकून पडले. एका विभागातील काटकसर दुसऱ्या विभागातील दुष्काळ ठरली. त्यानंतर ५.४ आवृत्तीत कर्नेलने स्वतःच्याच कालमापनातील सूक्ष्म चढउतारांपासून बीज मिळवण्यास आरंभ केला. २०२० मधील ५.६ आवृत्तीत '/डेव्ह/रँडम'चे वारंवार थांबणे संपुष्टात आले. २०२२ मध्ये जेसन डोनेनफेल्ड यांनी जनित्राची व्यापक फेररचना केली व जुन्या एसएचए-१ ची जागा ब्लेक-२ एस या फलनाने घेतली.

निष्कर्ष :

१. वर उल्लेखिलेल्या प्रसंगांत एकाही ठिकाणी कूटलेखनाचे गणित मोडलेले नाही. मोडली ती बीज मिळवण्याची, मिसळण्याची किंवा निवडीची व्यवस्था.

२. यादृच्छिकतेतील दोष मूक असतो. केवळ यंत्र चालते म्हणून ते सुरक्षित मानणे धोक्याचे आहे.

३. हे दोष उघडकीस आले ते बहुतांशी स्वतंत्र अभ्यासकांमुळे. खुल्या परीक्षणावाचून ते आणखी किती काळ दडून राहिले असते, हे सांगता येत नाही.

४. जबाबदारी कर्नेलकडे एकवटल्याने असंख्य प्रोग्रॅमकारांच्या चुका टळल्या. तथापि एकवटलेल्या विश्वासाला तितकीच अखंड तपासणी लागते.

जी संख्या कोणी पाहिलेली नाही तिच्यावर समाजाने विश्वास ठेवावा, ही आधुनिक जीवनाची अपरिहार्यता आहे. तो विश्वास डोळस असावा, हीच या इतिहासाची शिकवण होय.