जव्हारची वाट

जव्हारनजीक शिरपामाळ नावाचे पठार आहे. इ. स. १६६४ च्या प्रारंभी सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी येथे स्वागत करून त्यांस मानाचा शिरपेच अर्पण केला व त्यावरून माळास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. ही कथा आपणांपैकी बहुतेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. तो येथे मांडण्याचे योजिले आहे.

नकाशा पुढे घेतल्यास जव्हारचे महत्त्व तत्काळ ध्यानी येते. पूर्वेस मोखाड्यावरून त्र्यंबक-नाशिककडे चढणारी वाट, दक्षिणेस कल्याण, उत्तरेस रामनगर व त्यापलीकडे मोगलांचे संपन्न बंदर सुरत. १६७० साली सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली, तेव्हा कल्याण ते सुरत हा मार्ग कायमचा हाती असणे स्वराज्यास अगत्याचे झाले. वाटेवरील राजाच्या मर्जीवर सैन्याची ये-जा अवलंबून राहावी, हे राजनीतीस परवडणारे नव्हते.

१६७२ च्या जून महिन्यात पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकले. तेथे सतरा लक्ष रुपयांचा खजिना हाती लागल्याचे सांगतात. पावसाळ्याची पर्वा न करता फौज रामनगरावर गेली. तेथील राजा सोमशहा परागंदा झाला आणि जुलैत तेही ठाणे पडले. मागोमाग सुरतकरांकडे चार लक्षांच्या चौथाईची मागणी गेली. शिवाय दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या राजास जी चौथ देत असत, तिजवरही महाराजांनी हक्क सांगितला. एका वाटेने किती दारे उघडली, हे यावरून दिसेल.

ज्यांनी शिरपेच दिला म्हणतात, त्याच विक्रमशहांना आठ वर्षांनी राज्य गमवावे लागले. ही गोष्ट झाकल्याने ना महाराजांचा गौरव वाढतो, ना मुकण्यांचा. थोर राज्याच्या उभारणीत दोन्ही बाजूंस आपलीच माणसे असतात आणि लहान राज्यास आपल्या भूमीच्या मोक्याचेच मोल द्यावे लागते. तरीही मुकणे घराणे पुढे टिकून राहिले. त्यांचे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले.

तरुण ज्ञातिबांधवांनी शिरपामाळावर अवश्य जावे. तेथे १६६४ चे स्मरण करावे आणि १६७२ चेही. पूर्वजांविषयीचा आदर अर्ध्या इतिहासावर उभा राहू नये.