लिनक्सच्या साउंड ड्रायव्हरची वाटचाल

साउंड कार्ड आणि संगणकाची प्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० नमुने. डाव्या-उजव्या बाजूंचे मिळून १,७६,४०० बाइट. ड्रायव्हर एक छोटा साठा, म्हणजे बफर, भरत राहतो आणि कार्ड तो उपसत राहते. १,०२४ नमुन्यांचा तुकडा जेमतेम २३ मिलिसेकंद पुरतो. साठा रिता होण्याआधी पुढचा तुकडा पोचला नाही, की आवाज तुटतो.

लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीवर हे काम सुरू झाले १९९२ साली. फिनलंडचे हन्नू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. त्यातूनच पुढे ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस, उभी राहिली. युनिक्स या जुन्या प्रणालीच्या रीतीप्रमाणे तिने कार्डाला एका फाइलीचे रूप दिले: फाइलीत नमुने लिहायचे, ते वाजतात. ही सोय फार साधी होती, पण बहुतेक कार्डांवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला वाजवता येई. शिवाय तिच्या सुधारित आवृत्त्या व्यापारी परवान्याखाली गेल्या आणि लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, कोड मागे पडला.

दुसरी वाट चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी काढली. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डाची सगळी क्षमता वापरता यावी म्हणून त्यांनी वेगळा ड्रायव्हर हाती घेतला. १९९८ मध्ये सुरू झालेला त्याचाच विस्तार म्हणजे आल्सा. सर्व कार्डांना लागणारा कोड एकत्र आणि प्रत्येक कार्डाचे वेगळेपण त्याच्या स्वतंत्र ड्रायव्हरात, अशी त्याची मांडणी आहे. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ओएसएसची नक्कल करणारा भागही त्यात ठेवला गेला. आल्सा २००२ मध्ये कर्नलच्या विकास-आवृत्तीत आला आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीतून सर्वांपर्यंत पोचला.

खरी कसोटी नंतरची. २००४ साली इंटेलचे एचडी ऑडिओ हे मानक आले. साउंड चिपशी बोलण्याची पद्धत एक झाली, पण चिपची कोणती पिन स्पीकरला आणि कोणती हेडफोनला जोडायची, हे प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळे राहिले. ही माहिती संगणक सुरू करणाऱ्या बायोस या प्रोग्रॅमने द्यावी अशी अपेक्षा असते. ती अनेकदा चुकीची असते. मग हेडफोन लावला तरी स्पीकर चालूच राहतो किंवा माइक मुका राहतो. यासाठी ड्रायव्हरात एक तक्ता असतो. त्यातल्या एका ओळीत लॅपटॉपचा ओळख-क्रमांक, मॉडेलचे नाव आणि लागू करायची दुरुस्ती एवढेच असते. अशी ओळ बहुधा तो लॅपटॉप वापरणाराच शोधतो, तपासून पाहतो आणि पाठवतो. ती पारखून घेण्याचे काम सुसे कंपनीतले ताकाशी इवाई वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यानंतर ती लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांच्या मुख्य कर्नलमध्ये जाते.

सांभाळण्याच्या कामाला शेवट नसतो. कर्नलची अंतर्गत रचना बदलते, तेव्हा बदल करणाऱ्यालाच त्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हर दुरुस्त करावे लागतात. म्हणून बाजारातून उठलेली कार्डेही वाजत राहतात. एका मॉडेलची दुरुस्ती दुसऱ्याला बाधली, तर ती मागे घ्यावी लागते.

सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली आणलेली बॉस ही भारतीय प्रणाली याच कर्नलवर चालते. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारमधल्या एखाद्या संगणकावर ती बसवली, तर तिथला आवाजही आल्सामधूनच येतो. कोणा अनोळखी माणसाने परदेशातून पाठवलेली एक ओळ अद्ययावत कर्नलबरोबर तिथवर पोचते आणि त्याच मॉडेलच्या लॅपटॉपचा माइक बोलू लागतो. कोड खुला असल्यामुळे तिथूनही अशी ओळ पाठवता येते.